वर गेलेला हात

बोरसरीच्या पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत ठराव वाचून होण्याआधीच हात वर जायचे. ही तिथली जुनी रीत. सेक्रेटरीनं "विषय क्रमांक चार" म्हणावं, मागून कुणीतरी "मंजूर, मंजूर" असं ओरडावं आणि मांडवातले सगळे हात वर जावेत, कारण पलीकडं मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण निघालेलं असायचं. कशासाठी हात वर केला, असं घरी बायकोनं विचारलंच तर "सगळ्यांनी केला, मीबी केला" हे ठरलेलं उत्तर. अशा गावात एके दिवशी हात आपोआप वर गेले, तर ते लक्षात यायचं कुणाच्या?

आलं ते एकट्या त्रिशलाच्या. तेही हातांच्या एका ओळखीच्या वळणामुळं, हुशारीमुळं नव्हे.

त्रिशला मगदूम फिजिओथेरपिस्ट होती. सांगलीतली चांगली नोकरी सोडून ती गावी परतली होती, ती वडिलांसाठी. नेमगोंडा मगदूम, म्हणजे अख्ख्या गावाचे आण्णा, यांना मेंदूच्या देठात झटका आला होता. मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग धडधाकट. पण तिथले हुकूम स्नायूंपर्यंत पोचतात ते या देठातून, आणि ती वाटच बुजली होती. हातपाय लुळे, जीभ लुळी. माणूस आत पुरता जागा आणि बाहेर सगळी दारं बंद. पापण्या तेवढ्या हुकमात राहिल्या होत्या. एकदा मिटल्या म्हणजे होय, दोनदा मिटल्या म्हणजे नाही, अशी भाषा बापलेकींनी ठरवून घेतली. वर्षभर रोज घासून घासून तिनं त्यांच्या उजव्या हातात थोडी जान आणली होती. मांडीवरचा हात ते जेमतेम छातीपर्यंत नेऊ शकत, तोही थरथरत, घामाघूम होऊन. त्यापुढं गाडी सरकेना.

मग बंडी आली.

कंपनीनं तिला कसलंसं भारदस्त नाव दिलं होतं, पण दिसायची ती म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या बंडीसारखीच, म्हणून गावानं तिला बंडी म्हटलं. तिच्याबरोबर तशीच एक विजार यायची. दोन्हींच्या आतून केसाहून बारीक विद्युतवाहक धागे विणलेले, आणि ते धागे कातडीवरून थेट स्नायूंना हुकूम द्यायचे.

हे सांगायला सोपं, करायला महाकठीण. स्नायू म्हणजे अखंड दोर नव्हे. तो हजारो तंतूंचा जुडगा असतो आणि त्या तंतूंच्या टोळ्या असतात. पाठीच्या कण्यातली एकेक चेतापेशी एकेका टोळीची मुकादम. आपण आपल्या मनानं हात उचलतो तेव्हा मेंदू आधी लहान टोळ्यांना हाक मारतो. त्या हळू, पण चिवट असतात. ओझं वाढलं तरच मोठ्या, दांडग्या, पण लवकर दमणाऱ्या टोळ्यांना बोलावणं जातं. शिवाय पाळ्या लावलेल्या असतात. एक टोळी ओढते तेव्हा दुसरी दम खाते. म्हणून निरोगी माणसाचा हात कसा अलगद वर जातो. विजेची जुनी यंत्रं हे सगळं उलटं करायची. बाहेरून दिलेला करंट आधी जाड चेतातंतूंना पकडतो, म्हणजे दांडग्या टोळ्याच आधी, आणि त्याही एकदम धावून यायच्या. हात फटकन उडायचा आणि दोन मिनिटांत गळायचा. बंडीनं पहिल्यांदाच लहान टोळ्यांना आधी आणि पाळीपाळीनं बोलवायची युक्ती साधली होती.

बंडी घालून आण्णा पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्रिशला लहान पोरीसारखी रडली. संस्थेचे चेअरमन श्रेणिक खोत यांनी कंपनीला गळ घालून गावातल्या सगळ्या थकल्या सभासदांना बंड्या फुकट मिळवून दिल्या, आणि त्या अंगाच्या मापाला बसवल्या त्रिशलानं. झटका आलेले आण्णा एकटेच. बाकीच्यांचे स्नायू वयानं झिजलेले. खाटेला खिळलेली माणसं काठी टेकत पारावर येऊन बसायला लागली. खोत तेव्हा तिला देवमाणूस वाटला होता. फुकट ते पौष्टिक, असं उगाच म्हणत नाहीत लोक; पण पौष्टिक पेंड कुणाला आणि कशासाठी घालतात हेही लोकांना ठाऊक असतं.

रोज सकाळी शाळेच्या पटांगणात सगळे बंडीवाले जमायचे. त्रिशलाच्या हातात टॅबलेट असायचा. प्रत्येकाला एकेक व्यायाम देत बसण्यापेक्षा तिनं सामूहिक कवायत बसवली होती. एक बटण दाबलं की सगळ्या बंड्या तोच व्यायाम करायच्या. त्यातला हात वर करण्याचा व्यायाम तिचा खास. म्हाताऱ्या माणसानं हात सरळ वर नेला तर दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या कमानीला घासतो आणि मधला नाजूक स्नायू चिरडतो. म्हणून हात खांद्याच्या उंचीला आला की तळवा बाहेरच्या बाजूला वळवायचा. त्यानं हाडाला जागा मिळते. हे वळण तिनं स्वतःच्या हातावर पुन्हापुन्हा करून बंडीत बसवलं होतं. परगावी जायची वेळ आली तर कवायत बुडू नये म्हणून टॅबलेट ती संस्थेच्या कचेरीत ठेवायची आणि त्याचा पासवर्ड तिनं अभिनंदनला देऊन ठेवला होता. अभिनंदन म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आणि संस्थेचा सेक्रेटरी.

सभेच्या आदल्या संध्याकाळी तिनं आण्णांना विषयपत्रिका वाचून दाखवली. विषय क्रमांक चार असा होता, की संस्थेची जॅकवेल आणि नदीतून पाणी उचलायचा हक्क नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने कंपनीला द्यावा. हीच ती बंडीवाली कंपनी. माळावर तिला संगणकांचं अवाढव्य कोठार बांधायचं होतं आणि ते कोठार थंड ठेवायला रात्रंदिवस पाणी लागणार होतं. शेताला उरलंसुरलं.

आण्णांनी पापण्या दोनदा मिटल्या. मग पुन्हा दोनदा. मग पुन्हा.

"कळलं, आण्णा. न्हाई म्हणताय."

ते थांबेनात. ती जॅकवेल, म्हणजे नदीच्या पात्रातली ती गोल विहीर, त्यांनी आणि त्यांच्या वयाच्या पोरांनी श्रमदानानं खोदली होती. पाण्यात कमरेएवढं उभं राहून गाळ उपसला होता. बाबालाल मुल्ला आणि आण्णा घमेली देताघेता एकमेकांना शिव्या द्यायचे, त्या शिव्या अजून गावात चवीनं सांगतात.

सभेत ती बायकांच्या बाजूला बसली होती. आण्णा पुढच्या रांगेत, शेजारी बाबालालचाचा आणि इतर बंडीवाले. अभिनंदननं विषय क्रमांक चार वाचायला घेतला. मागून "मंजूर, मंजूर" झालं. खोत माईकवर म्हणाले, "मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. आण्णांचाही गेला.

क्षणभर त्रिशलाला वाटलं, आण्णांनी विचार बदलला की काय. तेवढ्यात पुढच्या रांगेतले सगळे हात खांद्याच्या उंचीला आले आणि सगळ्यांचे तळवे एकदम बाहेर वळले. अलगद, सुबक. मत देताना जगात कुणी तळवा वळवत नाही. तो तिचा व्यायाम होता. तिनं आण्णांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे तिलाच शोधत होते आणि पापण्या दोनदा, दोनदा, दोनदा मिटत होत्या. वर हात "होय" म्हणत होता आणि खाली डोळे "नाही" म्हणत होते, आणि सभा मोजत होती हात.

"एकमतानं मंजूर," खोत म्हणाले. टाळ्या पडल्या. झाकण निघालं.

जेवणाच्या पंगती बसल्या तशी तिनं अभिनंदनला मांडवामागं गाठलं.

"अभी, हात वरचा व्यायाम कुणी चालू केला?"

"आक्का, हळू बोल की. माणसं हायत."

"कुणी केला?"

"मी केला. मग?" तो नजर चुकवत म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांचे हात वर जात न्हाईत. दरवर्षी अर्धी मतं वाया जात्यात. मदत केली, त्यात काय बिघडलं?"

"काल संध्याकाळी आण्णा न्हाई म्हणत होते. मी विचारलंय त्यांना."

"डोळ्यानं? आक्का, आण्णांना आता किती समजतंय आणि किती न्हाई, तुलाबी ठाऊक न्हाई. तुला पायजे तसा तू अर्थ लावतीस."

"सगळं समजतंय त्यांना. तुझ्यापेक्षा जास्त समजतंय."

अभिनंदनचा चेहरा तांबडा झाला. "मनात नसतं तर हात खाली ओढला असता की त्यांनी! ओढला का? सगळ्या सभेनं बघितलंय, आण्णांनी हात वर केला."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण या वाक्यापुढं त्रिशलाकडं उत्तर नव्हतं, हेही खरं. यंत्रानं हात वर नेला हे ती सांगू शकत होती. पण मर्जी नव्हती हे कशावरून? पापण्यांवरून? त्या तर फक्त तिनं पाहिल्या होत्या. त्या दिवशी ती न जेवता घरी आली.

उत्तर आलं ते सभेनंतर दोन दिवसांनी, आणि आलं आण्णांच्या पाठीतून.

ती सकाळी त्यांना अंघोळ घालत होती. उजव्या बगलेमागं, खांद्याच्या फऱ्याखाली हात लागला तसे आण्णा कळवळले. तिनं हलकेच चाचपलं. स्नायू टरारून सुजला होता. लॅटिसिमस डॉर्साय, पाठीवरचा तो रुंद पंख्यासारखा स्नायू. मग तिनं खांद्यावरचा त्रिकोणी डेल्टॉइड दाबून पाहिला. तो मऊ होता, तिथं काहीच दुखत नव्हतं.

तिचा हात तिथंच थांबला. हात वर नेतो तो डेल्टॉइड. दुखायचंच असेल तर त्यानं दुखावं. लॅटिसिमसचं काम बरोबर उलटं असतं. वर गेलेला हात तो खाली ओढतो. शरीरात प्रत्येक स्नायूला असा एक विरोधी स्नायू असतो. एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सैल पडायचं, हा शिरस्ता. बंडीही तसंच करवून घेते, म्हणून महिनोन् महिने हाच व्यायाम करून आण्णांना कधी काही झालं नव्हतं. पण दुसरा सैल पडलाच नाही तर? तोही जिवाच्या आकांतानं आकसत राहिला आणि समोरच्यानं त्याला तसाच ताणत नेलं तर? मग त्याचे तंतू उसवतात. देवदर्शनाला बाहुबलीचा डोंगर चढताना काही होत नाही, पण उतरून आलं की दोन दिवसांनी मांड्या भरून येतात, त्या याच कारणानं. उतरताना मांडीचा स्नायू आकसत आकसत ताणला जात असतो. दुबळा स्नायू तर चटकन उसवतो. आणि ही सूज नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलू लागते.

मनात नसतं तर खाली ओढला असता की त्यांनी.

"आण्णा," तिनं विचारलं, "सभेत तुम्ही हात खाली ओढत होता?"

पापण्या एकदा मिटल्या. आणि मग आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला छातीपर्यंत हात नेताना घाम फुटतो, तो माणूस भर सभेत यंत्राशी झुंजत होता. उरल्यासुरल्या चार टोळ्या घेऊन. आणि मागं बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं बुक्कीही स्वतःच्याच हातानं खावी लागली होती.

तिला घाई होती ती इतरांच्या पाठी तपासायची. ती तडक बाबालालचाचांच्या घरी गेली. चाचा ओट्यावर बसून मोहरीचं तेल कोमट करून घेत होते.

"बरं झालं आलीस पोरी. हितं बघ बरं, बगलंमागं. ठणकाय लागलंय दोन दिवस झालं."

तिनं बोट ठेवलं. चाचा "या अल्ला" म्हणाले.

"चाचा, सभेत हात तुम्ही वर केला होता?"

चाचांनी तेलाची वाटी खाली ठेवली. कधी नव्हे ते त्यांना शिवीही सुचेना.

"गेला बघ वर," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, ह्यो कुठं निघाला? खाली घ्यायला बघतोय तर येईना."

"मग बोलला का न्हाई? तुम्हाला तर जीभ आहे!"

"काय बोलणार? माझा हात माझं ऐकंना म्हणून भर सभेत सांगू? म्हणाले असते, बाबालाल म्हातारा झाला, डोकं फिरलं. आणि आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचेच वर. म्हटलं, दरसाल जातोय, औंदाबी गेला. पर नेमूची जॅकवेल हाय ती. लाज वाटली मला. दोन दिवस त्येच्या तोंडापुढं आलो न्हाई मी."

दुपारपर्यंत तिनं सगळे बंडीवाले तपासले. ज्यांचा ठरावाला मनापासून पाठिंबा होता, त्यांची पाठ ठणठणीत होती. ज्यांना तो नको होता, ते सगळे एकाच जागी कण्हत होते. कुणी म्हणे गादी बदलली, कुणी म्हणे वारं लागलं, आणि दुखरी जागा मात्र बोटभरही इकडंतिकडं नाही. सबंध गावाची ठरावाविरुद्धची मतं म्हाताऱ्यांच्या पाठीत सुजून बसली होती, आणि कागदावर लिहिलं होतं 'एकमताने'.

खोत संस्थेच्या कचेरीत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि गोड हसले.

"मॅडम, दुखणं म्हणजे काय मतदान न्हवं. कायद्यात हात मोजत्यात. पाठ कोण मोजत न्हाई."

"तुम्ही माणसांचे हात चोरलेत."

"चोरले?" खोतांचा आवाज चढला. "खाटेवर कुजत होती ती माणसं! कुणी उठवली? आणि तो व्यायाम कुणी बसवला, बंडी कुणी घातली त्यांना? तुम्हीच ना? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. पैला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तिच्या मनाला ते लागलं मात्र खोलवर. म्हणूनच ती मागं हटली नाही.

"सभासद विशेष सभा मागणार आहेत. फेरमतदान घ्यावं लागेल."

"घेऊ की. लोकशाही हाय." खोतांनी बशी तिच्याकडं सरकवली. "फक्त एक हाय. बंड्या कंपनीच्या मालकीच्या. तक्रार आली की कंपनी त्या तपासणीला परत नेणार, आणि परत कधी देणार ते कंपनीलाच माहीत. बंडीशिवाय तुमची म्हातारी माणसं सभेला येणार कशी, ते तेवढं बघा. आणि आण्णांचं काय हुईल, ते तर तुम्ही डॉक्टरीणबाई, तुम्हालाच जास्त कळतंय."

तिनं चहा तसाच ठेवला. चहा गरम होता म्हणून, नाहीतर तिनं तो त्यांच्या अंगावर ओतला असता.

तिला कळत होतंच. पायाचे स्नायू वापरले नाहीत की आठ-पंधरा दिवसांत झिजायला लागतात. आण्णांच्या वयाला झिजलेला स्नायू पुन्हा भरत नाही. बंडी गेली म्हणजे उभं राहणं गेलं, अंगणात जाणं गेलं, पारावरचं ऊन गेलं. पुन्हा ती खाट, ती कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून केलेली ती सगळी धडपड. खोतांनी बरोब्बर त्या जागी बोट दाबलं होतं. पाणी वाचवायचं तर बापाचे पाय द्यायचे.

तिनं आण्णांपासून काही लपवलं नाही. खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं, खोतांचं बोलणंही.

"बंडी गेली तर पाय जातील, आण्णा. बहुतेक कायमचे. मी कितीही घासलं तरी. हे मी तुम्हाला खोटं सांगणार न्हाई." तिनं डोळे पुसले. "तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवू. मी कुणाला काही बोलणार न्हाई, आणि तुमच्यावर रागावणारबी न्हाई. बंडी काढू?"

पापण्या एकदा मिटल्या.

"विचार करून सांगा."

आण्णांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी ती पाढे चुकल्यावर ते पाहायचे. पापण्या पुन्हा एकदा मिटल्या, सावकाश, आणि बराच वेळ मिटलेल्या राहिल्या.

तिनं बंडी काढली. आतलं कृश अंग पाहून तिला हुंदका आवरेना.

संध्याकाळी अभिनंदन आला, तो अंगणातल्या दोरीवर लटकणारी बंडी पाहूनच पेटला.

"आक्का, तू आण्णांना परत खाटेवर टाकलंस? तुझ्या हट्टापायी?"

"हट्ट माझा न्हाई."

"मग कुणाचा? आण्णांचा? परत डोळ्यानं सांगितलं व्हय?"

तिनं त्याचा हात धरून त्याला खाटेपाशी नेलं, आण्णांना कुशीवर वळवलं आणि अभिनंदनची बोटं त्या सुजेवर ठेवली.

"दाब. हळू."

त्यानं दाबलं. आण्णा विव्हळले. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"तू म्हणाला होतास, मनात नसतं तर खाली ओढला असता. ओढत होते, अभी. तू बटण दाबलं होतंस आणि आण्णा त्याच्याविरुद्ध ओढत होते. मांस फाटेपर्यंत ओढत होते. तू माईकजवळच उभा होतास."

 अभिनंदन तसाच निघून गेला. जाताना चप्पलही उलटसुलट घालून गेला.

विशेष सभेच्या दिवशी बंडीवाले आले ते बंडीविना; खोत म्हणाले होते तसं कंपनीनं बंड्या परत नेल्या होत्या. कुणी ट्रॉलीत गादी टाकून, कुणी सुनेच्या खांद्यावर भार टाकून. आण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं.  या वेळी मसालेभात नव्हता. खोतांनी मुद्दामच ठेवला नव्हता, म्हणजे माणसं थोडी येतील. त्यांचा हिशेब चुकला. माणसं जास्त आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ठराव शेवटपर्यंत ऐकला.

अभिनंदननं तो वाचला. 

"मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत," खोत म्हणाले. खोतांची माणसं होतीच. हात वर गेले. अभिनंदननं मोजले. बाकीचे हात मांडीवर होते, पण कोण कुणीकडं आहे याचा अंदाज लागेना. लोक एकमेकांकडं पाहत होते. पहिला कोण, हा गावातला नेहमीचा प्रश्न.

"विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत."

आण्णांचा उजवा हात मांडीवरून हलला.

आधी नुसती बोटं. मग मनगट. त्रिशला त्यांच्या खुर्चीमागं उभी होती आणि तिला ते कातडीखाली दिसत होतं. आधी लहान टोळ्या, चिवट, इमानी. मग त्या पुरेनात तशी एखादी दांडगी. पाळ्या लावायला टोळ्याच शिल्लक नव्हत्या, म्हणून हात वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. तळवा वळला नाही. कसला डौल नव्हता त्यात. कपाळावरून घाम ओघळायला लागला. तिनं कोपराला आधार द्यायला हात पुढं केला, तशा आण्णांच्या पापण्या दोनदा मिटल्या. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले.

हात छातीपर्यंत आला. तिथं अडला.

"हे बघा," खोत माईकवर हसत म्हणाले, "हात वर म्हणजे खांद्याच्या वर पायजे. माशी हाकलली तर ती काय मतात धरायची? सेक्रेटरी, विरोधात कोणी नाही असं नोंदवा."

 अभिनंदननं खोतांकडं पाहिलं. मग त्या हाताकडं पाहिलं, जो इंचभरही वर जात नव्हता आणि इंचभरही खाली येत नव्हता. त्यानं माईक स्वतःकडं ओढला.

"विरोधात," तो म्हणाला. "विरोधात, एक."

"आयला, नेमू!" बाबालालचाचा ओरडले आणि त्यांनी हात वर केला. कळ आली तशी एक सणसणीत शिवी हासडली, पण हात वरच ठेवला. त्यांच्या मागून दुसरा गेला, ट्रॉलीतल्या गादीवरून तिसरा, बायकांच्या बाजूनं कितीतरी. एकाही हाताची उंची दुसऱ्यासारखी नव्हती. अभिनंदनला पुढं मोजत राहावं लागलं, आणि ते मोजून होईपर्यंत आण्णांनी आपला हात खाली घेतला नाही.